आजीचा रिकामा कोपरा

दीक्षा नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. रविवारी सदर भागातल्या एका सभागृहात तिचं व्याख्यान होतं, प्राचीन इस्राएलात एकच देव ही कल्पना कशी रुजली यावर. शनिवारी दुपारी ती घरी आत्यासमोर ते बोलून पाहत होती. ऐंशीच्या घरातली कुसुमावतीआत्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती.

सुरुवातीला तिथंही पुष्कळ देव होते, दीक्षा म्हणाली. शेजाऱ्यांचे देव वेगळे, इस्राएलचा यहोवा. एका जुन्या रांजणावर यहोवाच्या जोडीला अशेरा हे नाव सापडलंय. ती त्याची देवी असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. घराघरांत मातीच्या स्त्रीमूर्ती होत्या. पुढं राजांनी इतर देवांच्या वेद्या फोडल्या, देवीचे खांब जाळले. मग बाबिलोनच्या सैन्यानं जेरुसलेम पाडलं आणि माणसं धरून नेली. त्या परमुलखात काहींना वाटलं, आपला देव हरलेला नाही. जगात देव तोच एक, दुसरा नाहीच.

"अन् ज्यायच्या घरात देवी होती, त्या बायायचं काय झालं वं?" आत्यानं विचारलं.

"जुन्या ग्रंथात आहे थोडं. देवीसाठी पोळ्या भाजत होतो तोवर सुखात होतो, असं त्यांनी देवी सोडा म्हणणाऱ्या संदेष्ट्याला तोंडावर सांगितलं."

आत्याचे हात थांबले. "छप्पनले मी लहान होती. बुद्धाची दीक्षा घेऊन घरी आलो अन् बाबानं देवारा उचलला. मरीमाय, खंडोबा, सारे नदीत सोडले. पण माय सांजच्याले दिवा घेऊन त्याच कोपऱ्यात जाये. तिथं काहीच नव्हतं. दिवा ठेवे अन् परत येये."

"आजोबा रागावले नाहीत?"

"नाही. पाहूनही न पाहिल्यासारखं केलं त्यायनं. मग तिथं बुद्धाचा फोटो लागला, माय त्याच्यासमोर दिवा लावू लागली. एक दिवस मले म्हणे, कुसुम, आता कोनाले भ्याव नाही लागत."

आजीचं हे दीक्षाला कुणीच सांगितलं नव्हतं. "आत्या, उद्या हे सांगू?"

"सांग ना. नाव घेऊन सांग. लपवाचं काय हाय त्यात? मी बी येतो."

रविवारी दीक्षानं राजांची लांबण कापली आणि तिथं आजीची गोष्ट आणली. व्याख्यान संपल्यावर प्रश्न आले. रितिका नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "म्हणजे एकच देव पराभवातून आला?"

"पराभवानं घाई केली," दीक्षा म्हणाली. "तो विचार त्याआधीच वाढत होता. पण घरात मुरायला पिढ्या गेल्या. सोडणाऱ्यांनी सोडलं, आणि कोपऱ्याकडे पाहत राहणारेही त्याच घरात होते."

मागच्या रांगेतले एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ उठले. "देवाबद्दलचं तुमचं सगळंच मला पटलं नाही. पण तुमच्या आजी पटल्या." लोक हसले, दीक्षाही. चहाच्या वेळी ते आत्याशेजारी येऊन बसले. त्यांच्या पणजीनं बाप्तिस्म्यानंतरही कपाळाचं आधीच्या धर्मातलं गोंदण कधी झाकलं नव्हतं, ते त्यांनी तिला सांगितलं. दोघांचा चहा निवून गेला.

परतताना ऑटोत आत्या म्हणाली, "ते बाबिलोनले नेलेले लोक, घरी आले का वं परत?"

"काही आले. बरेच तिथंच राहिले. शेती केली, व्यापार केला."

"बरं झालं. तिथं बी घर झालं त्यायचं," आत्या म्हणाली आणि पदर सावरून वाऱ्याला तोंड करून बसली.