तिपाईखालची जमीन

मोजणीवाल्या बाईंचं डोकं तापलं की त्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सोमवारी मात्र त्या स्वतःवरच तापल्या.

काम साधंच. उतारावरची माती अडवणारी उंच भिंत खालच्या सहा घरांकडे सरकतेय का, ते दर सोमवारी मोजायचं. भिंतीमागच्या मोकळ्या पट्ट्यावर तिपाई रोवायची, वर यंत्र बसवायचं, भिंतीच्या माथ्यावरच्या खिळ्यांपर्यंतचं अंतर घ्यायचं. चौदा सोमवार फरक शून्य. साहेब खूश, घरंही निर्धास्त.

आज तिपाईचा मागचा पाय रोवला तर तो वीतभर आत गेला. बाईंनी गवत बाजूला सारलं. खाली भेग होती, हात जाईल एवढी रुंद, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अगं बाई!" भिंत सरकत होती, आणि तिच्याबरोबर हा पट्टा, ही तिपाई आणि यंत्राला डोळा लावून उभी असलेली ही शहाणी, सगळं लटांबरच सरकत होतं. मग फरक दिसणार कसा, कपाळ!

अगदी पहिलं माप त्यांनी घरांच्याही खाली, रस्त्यापलीकडच्या खडकावरून घेतलं होतं. पण साहेब म्हणाले, "तिकडे गाड्या मध्ये येतात, वरच लावा की." ओझं वाहायचा बाईंना कंटाळा. मुकाट्यानं मान डोलावली. तिपाई पक्क्या जमिनीवर लावायची, हे शेंबड्या पोराला कळतं! वीस वर्षांची नोकरी काय गवत उपटण्यात गेली?

तिपाई खांद्यावर टाकून त्या तरातरा खडकावर पोचल्या. हात आडवा करून गाड्या थांबवल्या. पहिल्या दिवसापेक्षा अंतर सात इंचांनी कमी भरलं.

साहेबांना फोन लावला. "आजचा आकडा लिहू नका," साहेब म्हणाले. "आधी बैठक घेऊ. उगाच लोकांना घाबरवू नका."

"बैठक गेली खड्ड्यात! तुम्ही येऊन झोपा त्या भिंतीखाली, मग बोला."

पहिलंच दार शिंपीणकाकूंचं. काकू मशीनवर बसल्या होत्या, त्या उंच भिंतीकडच्या बाजूला खाटेवर त्यांची लेक तान्ह्या बाळाला थोपटत होती.

"काकू, उठा! भिंत सरकतेय. आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा."

"भिंत?" काकूंनी मशीन थांबवून लेकीकडे बोट दाखवलं. "अहो, ही चांगली दुसरीकडे राहत होती. मागल्या महिन्यात मी तुम्हालाच विचारलं, लेकीला इथं आणू का? तुम्ही म्हणालात, बिनधास्त आणा."

"म्हणाले होते. चुकलं माझं. शिव्या रस्त्यावर घाला, पण आधी निघा." बाईंनी दोन्ही हात पुढे केले. "द्या, बाळाला मी घेते."

काकूंनी बाळाला उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि बाईंच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून त्या लेकीसह दाराबाहेर पडल्या.