बोटांखालची वाट

टपाल तिकिटांच्या छापील शीटवर सुईच्या टोकाएवढा डाग पडला, तरी तो पुंजाराम भोयेच्या नजरेतून सुटत नसे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं त्याने डोळ्याला भिंग लावून हेच काम केलं. आणि घरात, हाताच्या अंतरावर, बायकोच्या डोळ्यांतला उजेड कमी कमी होत गेला, तो मात्र या पठ्ठ्याला दिसला नाही. चतुराबाई दाराच्या चौकटीला धडकली की हा म्हणायचा, "बघून चालत जा की जरा!" डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तोवर वेळ निघून गेली होती. आपलंच ते वाक्य पुढे त्याला रात्रंदिवस टोचत राहिलं, आणि टोचायलाच हवं होतं.

१९९९ साली तो निवृत्त झाला, तेव्हा चतुराबाईला खिडकी कुठे आहे तेवढंच कळत होतं. आधी ती भिंतीला हात लावून घरभर फिरायची. मग तेही सोडलं आणि कॉटवर बसून राहू लागली.

तिचं माहेर पेठकडच्या डोंगरात. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती एस.टी.ने फाट्यावर उतरायची आणि भाऊ गोटीरामच्या पाड्यावर चालत जायची. त्या वर्षी पुंजाराम म्हणाला, "चल, मी हात धरून नेतो."

"नाय," ती म्हणाली. "हात धरून माहेरात शिरायची नाय मी. वहिनी डोळ्याला पदर लावंल, पाडा सगळा गोळा हुईल. जाईन तर माझ्या पायांनी. नायतर हितंच बरी."

ती आखाजी गेली, तिच्यानंतरचीही गेली.

पुंजारामला जुना एक नाद होता. मुलगी मोहिनी लहान असताना तो दिवाळीत तिला किल्ला करून द्यायचा. मोहिनी लग्न होऊन सिन्नरला गेली, पण नाद काही सासरी गेला नाही. बोटभर उंचीची घरं, बैल, माणसं तो कोरायचा, आणि प्लायवुडच्या तुकड्यावर त्यांना उभं राहायला जमीन करायचा. एके दिवशी त्याच्या मनात आलं, चतुराचं माहेरच करू. फाट्यापासून अंगणापर्यंतची वाट तिच्या हातांना पाठ झाली, तर पायांनाही धीर येईल.

चार महिने खपला. तीन फुटी फळीवर त्याने डोंगर उठवला, ओढा काढला, हिरव्या रंगाच्या सात छटा कालवल्या. धूळ बसू नये म्हणून वरून व्हार्निशचे तीन हात दिले. शेजारपाजारचे येऊन तोंडात बोट घालून गेले. मग त्याने चतुराबाईचा हात धरून फळीवर ठेवला.

"नवा टीपॉय केला का?" तिने विचारलं.

"अगं, तुझं माहेर हाय! ह्यो ओढा, हे भाताचं वावर…"

तिचा तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. "लय गुळगुळीत हाय," ती हळूच म्हणाली. "माझं माहेर असं नाय." आणि तिने हात मागे घेतला.

पुंजाराम दोन दिवस गाल फुगवून बसला. तिसऱ्या दिवशी, घरात कोणी बघत नाही याची खात्री करून, त्याने डोळे मिटले आणि स्वतः फळीवरून बोटं फिरवली. ओढा गुळगुळीत, वावर गुळगुळीत, घरही तसंच. सातही हिरवे गायब. चार महिने त्याने आपल्याच डोळ्यांसाठी बायकोचं माहेर बांधलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेव्हा बंगल्यांच्या भिंतींना खरबरीत रंग देण्याची नवी फॅशन आली होती. मागच्या गल्लीत शेखर पेंटर परातीएवढी थापी घेऊन तसा रंग थापत होता, त्यावर दातेरी पत्र्याने रेघा ओढत होता. पुंजारामने ओल्या भिंतीला बोट लावलं. पेंटर ओरडला, पण याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं की त्याने उरलेली अर्धी बादली देऊन टाकली. "कोणत्या भिंतीला लावणार, काका?"

"भिंत नाय," पुंजाराम म्हणाला. "डोंगर हाय."

नवी फळी आली. या वेळी त्याने चतुराबाईला कॉटवरून उठवून जमिनीवर शेजारी बसवलं, आणि प्रत्येक लगदा आधी तिच्या बोटांना दाखवला. फाट्याखालच्या मुरमाच्या उतारासाठी वीट कुटून फेविकॉलमध्ये कालवली. "अजून जाड," ती म्हणाली. त्याने जाड चाळली. ओढ्यात खरे गोटे बसवले. भाताच्या वावरासाठी पुट्टी थापून उन्हात ठेवली, तेव्हा तिला भेगा पडल्या. तो हळहळला, तर ही खूश. "उन्हाळ्यात अशीच फाटते जमीन. असू द्या." नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वावर असलेल्या चढाला शेखरचा रंग लावून कंगव्याने रेघा ओढल्या. मोहाच्या झाडाखाली चहाचा वाळलेला चोथा पसरला, कारण तिथे पाय पाचोळ्यात रुततो. भिंग त्याने कपाटात ठेवून दिलं.

शेवटी राहिलं अंगण. तो पुट्टी सारखी करायला लागला तशी तिने त्याचा हात बाजूला केला. "अंगण मी करते." दोन वर्षं मांडीवर पडून राहिलेला तिचा उजवा हात ओल्या पुट्टीवर टेकला, आणि शेण सारवावं तसे तिने अर्धगोल ओढले, एकाला लागून एक. पाची बोटांच्या रेघा उमटल्या. पुंजाराम बघत राहिला. मग उगाच पाणी प्यायला उठला.

मग दुपारी लांब झाल्या. पंखा घरघरत असायचा, बाहेर मालगाडी शिट्टी देत जायची, आणि चतुराबाईची दोन बोटं फाट्यावर उतरायची. मुरूम, ओढा, बांध. मोहाखाली आली की ती थांबायची. "जरा बसू हितं." मग दोघं बसत. ती सांगायची, आई पहाटे फुलं वेचायची, ओली फुलं टोपलीत कशी ओझं व्हायची. हळूहळू खोलीच्या भिंती मागे सरकायच्या. नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत मोहाचा गोड, जड वास यायचा, हे पुंजारामने कोणालाही शपथेवर सांगितलं असतं. तोही डोळे मिटून आपली बोटं तिच्या मागोमाग सोडायचा.

"अवो, वावरात पडलात तुम्ही! बांध सुटला," म्हणत ती हसायची. हे हसू घरात फार दिवसांनी आलं होतं.

एका संध्याकाळी ती भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत गेली. परत येऊन म्हणाली, "औंदा आखाजीला जायचं."

गोटीरामनेही निरोप धाडला होता: या वर्षी याच, बाईला एक गंमत दाखवायची आहे. आंधळ्या बहिणीला हा काय दाखवणार, म्हणून पुंजाराम मनात चडफडला.

आखाजीला पहिल्या गाडीने निघाले. फाट्यावर उतरले तेव्हा नऊ वाजले असतील. चतुराबाईने चप्पल काढून त्याच्या हाती दिली आणि त्याला मागे सरकायला सांगितलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि ती थांबली.

"अवो," ती म्हणाली, "गुळगुळीत हाय."

पुंजारामने पाहिलं. फाट्यापासून पाड्यापर्यंत काळा कुळकुळीत डांबरी रस्ता झाला होता. हीच गोटीरामची गंमत. मुरूम नाही, गोटे नाहीत. कित्येक महिने दोघांनी बोटांनी गिरवलेली वाट डांबराखाली गेली होती. उन्हाने ते तापायलाही लागलं होतं. ती रस्त्याच्या मधोमध उभी, आणि चेहरा अगदी कॉटवरच्या त्या दिवसांतला. त्याचा हात आपोआप पुढे झाला. आता हात धरला तर ही पुन्हा कधी एकटी पाऊल टाकणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. त्याने हात मागे ओढला, एकेका हातात एकेक चप्पल घेतली आणि घट्ट आवळली.

चतुराबाईचा डावा अंगठा डांबरावरून सरकत सरकत कडेला गेला. डांबर संपलं. पाय दोन बोटं खाली उतरला.

"हाय!" ती ओरडली. "हितं कडंला हाय मुरूम!"

रस्त्याची कड धरून ती चालू लागली. ओढ्यावर पूल झाला होता. ती पुलाशेजारून खाली उतरली, कोरड्या गोट्यांवर अडखळली, एकदा गुडघ्यावर आली, उठली. मागे पुंजारामच्या मुठीत चपलांचे पट्टे पिळून निघत होते. बांध आला, चढ आला. मोहाला रस्त्याने वळसा घातला होता. तिथल्या पाचोळ्यात पाय रुतला तशी ती म्हणाली, "जरा बसू हितं." आणि दोघं खरोखरच बसले.

अंगणाच्या कडेला गोटीराम धावत आला. "बाई, रस्ता बघितलास का…" म्हणाला आणि जीभ चावली. चतुराबाईचं लक्षच नव्हतं. तळपायाखाली ओल्या सारवणाच्या रेघा लागल्या होत्या, अर्धगोल, एकाला लागून एक. ती तशीच उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं.

"दाजी, दोन हातांत दोन चपला कशापायी?" गोटीरामने विचारलं.

"एक हात जरी मोकळा ऱ्हायला असता, तर धरली असती तिला," पुंजाराम म्हणाला. "लय वेळा वाटलं."

चतुराबाईने ते ऐकलं. मागे वळून, आवाजाच्या रोखाने तिने आपला हात पुढे केला.

"आली न्हवं मी माझ्या पायांनी?" ती म्हणाली. "आता धरा."

पुंजारामने दोन्ही चपला तिथेच अंगणात टाकल्या.