ओतणारा एकच

एलिदाबाईंचे हात काही थांबेनात. ओक्तावियो वाचत होता आणि त्या मटार सोलत होत्या. शेंग टचकन उघडायची, दाणे भांड्यात पडायचे, टरफल मांडीवरच्या जुन्या वर्तमानपत्रात. लिखाणात जीव आला की बाईंचे हात आपोआप थांबतात, हे लेखनवर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पान संपत आलं तरी शेंगा फुटतच होत्या.

शेवटचं वाक्य त्याने जरा आवाज चढवून वाचलं. "अखेरच्या दिवसांत मी बाबांना माझ्या हातांनी येर्बाचा कडू चहा ओतून देत असे आणि त्यांच्या डोळ्यांतून कृतज्ञता वाहत असे."

टच्. आणखी एक शेंग.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्याहून छान. कुणी लिहिलं?"

ओक्तावियोने फोन खिशात सरकवला. पन्नाशी उलटलेला, होड्यांची इंजिनं खोलून पुन्हा जोडणारा माणूस, पण बिस्किटं चोरताना सापडलेल्या पोरासारखे त्याचे कान लाल झाले.

"एआयनं. मी नुसते मुद्दे दिले. रविवारी धक्क्याला बाबांचं नाव देतायत, बाई. अख्खा नावाड्यांचा क्लब जमणार आणि मी एक पान वाचायचं. मला कुठं लिहिता येतं?"

"आणि देल्फिना?"

दुखणं तिथेच होतं. जूनमध्ये बाप गेला, त्याच्या आधीचे दोन महिने ओक्तावियोने त्या घराची पायरी चढली नव्हती. त्यामुळे थोरल्या बहिणीने, देल्फिनाने, अंत्यविधीनंतर त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता तिचा एकच निरोप आला होता, 'येईन, ऐकेन. विकतचं गोडगोड ऐकवलंस तर दोनच्या बसनं परत सांता फेला जाईन.' धक्क्यावरच्या नावाच्या पाटीचं ओक्तावियोला फारसं कौतुक नव्हतं. बहिणीने दोनची बस सोडावी, एवढंच त्याला हवं होतं.

एलिदाबाईंच्या स्वयंपाकघरात गुरुवारी दुपारी पूर्वी बारा खुर्च्या लागायच्या, आता पाच लागतात. आज तर एकटा ओक्तावियोच उगवला होता. 'त्या फोननं तुमचं दुकान बसवलं की हो,' असं शेजारीण येताजाता ऐकवायची. 'बसू दे,' बाई म्हणायच्या, 'गर्दी कमी झाली, आता ऐकू नीट येतं.' चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईला स्वतःच्या कामाविषयी तिळमात्र शंका नव्हती.

"शेवटचं वाक्य परत वाच."

त्याने फोन काढून वाचलं.

"किटली कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"तुझ्या बापाच्या, निकानोरच्या घरात?"

ओक्तावियोने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"अकरा वर्षं मी बेटावरच्या शाळेत तुझ्या बापाच्या होडीतून जात होते. एकदा पाराना नदी इतकी उसळली की त्यानं सुकाणू माझ्या हातात दिलं. माझ्या! पण येर्बाची किटली कधी कुणाला दिली नाही. भांडं सगळ्यांमधून फिरेल, नळी एकच असेल, पण ओतणारा एकच. तुझी आई बाळंतीण होती तेव्हाही तोच ओतायचा. मग तुझ्या हातात आली कशी?"

"यंत्रानं घातलं असेल."

"यंत्राच्या माथी मारू नकोस. तू जे दिलंस ते त्यानं बिचाऱ्यानं गोड केलं. तू काय दिलं होतंस?"

नळाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. ओक्तावियोने टेबलावरचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे ढकलला.

"ओतली होती मी," तो म्हणाला. "एकदाच."

बाईंचे हात थांबले.

तो पुढे बोलायला लागला तसं त्यांनी अर्धी सोललेली शेंग त्याच्यापुढे नाचवली. "मला नको सांगूस. मला सांगितलंस की मोकळा होशील आणि कागद कोरा राहील. लिही."

त्यांनी पेन्सिल दिली. इंजिन खोलताना न घामेजणारा माणूस चार ओळींत घामाघूम झाला. बाई खांद्यावरून वाकून बघत.

"'दुःखद प्रसंग' कशाला? पाणी कुठं सांडलं?"

"टेबलावर. बाबांच्या बाहीवर. हात फार थरथरायचे."

"मग ते लिही. निकानोर काय म्हणाला?"

"काहीच नाही. फडकं शोधत राहिले."

"आणि तू?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "हे लिहायलाच पाहिजे का, बाई?"

"मी तुझा हात धरलेला नाही. पण तू अडलास ते इथंच."

त्याने लिहिलं. मग सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं, अडखळत, दोनदा नाक ओढून. त्या संध्याकाळी एलिदाबाईंच्या भातात मटार पडले नाहीत. शेंगा तशाच राहिल्या होत्या.

रविवारी धक्क्यावर निखारे पेटले होते, मांसाचा धूर नदीवर जात होता. देल्फिना पहिल्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर, तिकीट मुठीत. ओक्तावियोने कागदाची घडी उघडली.

"ईस्टरच्या दिवशी बाबांच्या हातून गरम पाणी सांडलं. मी किटली काढून घेतली आणि म्हणालो, द्या इकडे, तुम्हाला आता जमत नाही. मी ओतलेलं एक भांडं ते प्यायले. त्यानंतर येर्बा घेतलीच नाही, पोटात जळतं म्हणाले. आम्ही समोरासमोर बसायचो आणि टेबल रिकामं असायचं. मला ते बघवेना, म्हणून मी जायचं सोडलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं या गावाला नदीपार नेलं, त्याच्या हातून मी किटली घेतली."

टाळ्या पडल्या नाहीत. म्हाताऱ्या खलाशांनी टोप्या काढल्या. देल्फिना उठली आणि मागे न बघता चालू लागली. संपलं, त्याला वाटलं.

पण ती रस्त्याकडे वळली नाही. धक्क्याच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. क्लबची किटली आणि भांडं उचलून तो मागोमाग गेला, दोन्ही मधे ठेवून बसला.

"नाताळात," देल्फिना नदीकडे बघत म्हणाली, "मीसुद्धा त्यांच्या हातून किटली घेतली होती. मीही अगदी हेच बोलले होते."

ओक्तावियो तिच्याकडे वळला.

"माझ्याबरोबर मग बाबा कधी प्यायलेच नाहीत. मला वाटायचं, लाडक्या लेकाच्या हातचं पितात, म्हणून माझं नको. सहा महिने तुझा राग राग केला मी, गाढवा. आणि त्यात तू जायचंही सोडलंस."

त्याला गुरुवारचं ते वाक्य आठवलं. माझ्या हातांनी ओतून देत असे. ते इथे वाचलं असतं तर, या विचाराने भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

मागे कोणीतरी जेवायला हाका मारत होतं. वरच्या रस्त्यावरून दोनची बस गेली. दोघांनीही ती ऐकली. किटलीतून वाफ येत होती आणि तिला हात लावायचं धाडस एकालाही होत नव्हतं.

शेवटी देल्फिनाने ती त्याच्याकडे सरकवली.

"तूच ओत," ती म्हणाली. "माझे हात थरथरतायत."