एक काडी जास्त

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कपड्यांवर इंग्रजी अक्षरं भरण्यात तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक चिठ्ठीवर शब्द लिहून देतं, मी तो मशीनवर तसाच उतरवते. कोणी तक्रार घेऊन आलं की चिठ्ठी नाकासमोर धरते. त्या दिवसापर्यंत चूक कधी माझी निघाली नव्हती, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असायचे.

त्यामुळे भाची नोकरीच्या पहिल्याच दिवशी दुपारी तोंड पाडून परत आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मोठ्या मुश्किलीनं हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली होती पोरगी. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर शब्द मीच भरून दिला होता. मुख्य आचाऱ्यानं तो वाचून तिला घरी पाठवलं होतं.

"राहू दे ना, मावशी," ती म्हणाली. मी कसली ऐकतेय! तिनं लिहून दिलेली चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि तिला घेऊन थेट त्याच्यासमोर उभी राहिले. दहा-बारा माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली.

"बाई, शेफ म्हणजे स्वयंपाक करणारा," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंय चीफ. म्हणजे प्रमुख. तो इथं मी आहे. मधल्या एका काडीचा फरक, पण पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर बसणारं माणूस मला नको."

"मी चिठ्ठीबरहुकूम भरलंय."

"तेच सांगत होती ती. म्हणे, मीच चुकीचं लिहून दिलं, मावशीचा काही दोष नाही."

मी चिठ्ठी उघडली. तिच्यावर चार अक्षरं होती, खिशावर पाच. अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या टोप्यांवर मी वर्षानुवर्षं हाच पाच अक्षरांचा शब्द भरतेय. ओळखीचा वाटला म्हणून पुन्हा पाहिलंच नाही. चिठ्ठी अजून माझ्याच हातात होती. मुठीत चुरगाळली असती तर कोणाला कळलंही नसतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. पोरीनं बरोबर तेच लिहिलं होतं.

आचाऱ्यानं चिठ्ठी पाहिली, कोट पाहिला. "उसवायला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"मग बसा त्या स्टुलावर. आणि तू गं, हात धुऊन कामाला लाग."

भाची कोट द्यायला आली.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"घालतानाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

ती जरा घुटमळली. "तुला कोण सांगणार, मावशी? सगळे घाबरतात तुला."

तिनं ते हसत सांगितलं. मीही हसले, पण मला फार लाज वाटली. मान खाली घालून मी टाके उसवायला घेतले.