सहावी बंदूक

तुम्हाला माहीत होतं. शेरीफसाहेब, गुळमुळीत बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगते. रॉडनीच्या घरातून तुम्ही पाच बंदुका नेल्यात, कागदावर सही घेतलीत आणि सहावी कुठे आहे ते माहीत असून गप्प बसलात.

माझी चूक मी आधी कबूल करते. मी शाळेची बस चालवते. रेड फ्लॅग कायदा मला कुणी शिकवला नाही. वकिली भाषेतलं ते पत्रक चार वेळा वाचून मी तो समजून घेतला, आणि मग गावोगावच्या चर्चच्या तळघरांत बायकांना सांगत फिरले : घरातला माणूस बंदुकीच्या जोरावर धमकावत असेल तर कोर्टात अर्ज करा. तो गोळी झाडेपर्यंत थांबायची गरज नाही. कोर्ट त्याच्या बंदुका काढून घेऊ शकतं.

ऑक्टोबरात आमच्या तळघरात अकरा बायका आल्या, आणि दोन पुरुष, केक खायला. त्यातला अर्व्हिड ओरडला, "काय गं व्हर्ना, शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर आमच्या बंदुका न्यायला आलीस?"

"तुझी नको रे. तुझ्या बंदुकीला आजवर एक हरीण तरी घाबरलंय का?"

सगळे हसले. डार्ला केंपाइनेन हसली नाही. सगळे गेल्यावर ती कप विसळायला थांबली. नळ मोठा सोडून म्हणाली, "रॉडनी बोलत काहीच नाही. रोज सकाळी माझ्या कॉफीच्या कपाशेजारी एक गोळी उभी करून ठेवतो नि कामाला जातो. हे धमकीत धरतात का गं?"

"किती दिवस झाले?"

"मी घटस्फोटाचं बोलले तेव्हापासून. एकोणीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज भरला. बंदुका किती, कुठे, कसल्या, असा रकाना होता. डार्लाने बोटांवर मोजल्या : कपाटात तीन, गाडीत एक, पलंगाखाली एक. मी पाच लिहिलं. जज्जबाईंनी त्याच दिवशी हुकूम दिला, तुम्ही संध्याकाळी जाऊन बंदुका उचलल्यात, रॉडनी आईकडे राहायला गेला. मी इतकी खूश झाले की पुढच्या गावात हीच गोष्ट नाव न घेता छाती फुगवून सांगितली.

आज दुपारी रॉडनीची आई, आयरीन, माझ्या बसपाशी आली. हातांना पास्टीच्या, मटणाच्या करंज्यांच्या, पिठाचे थर तसेच होते.

"व्हर्ना, तुम्ही यादीत कॅम्पची रायफल धरली होती का?"

इथे मिशिगनच्या वरच्या टोकाला प्रत्येक शिकारी कॅम्पवर, रानातल्या त्या लाकडी खोपटात, एक जुनी रायफल असते. कुणाच्या तरी आजोबाची. चुलीच्या वर दोन खिळ्यांवर टांगलेली. ज्याची बंदूक बिघडली, जो पाहुणा रिकाम्या हाताने आला, त्याने घ्यायची. ती कुणी आपली म्हणून मोजत नाही. डार्लाने मोजली नाही, आणि मी, जन्मापासून इथली, मी विचारलं नाही.

"रॉडनी कुठाय?"

"सकाळपासून फोन उचलत नाही."

रॉडनी शिकारीला जातो त्या कॅम्पवर आम्ही गेलो. दार नुसतं लोटलेलं. चूल गार. भिंतीवर दोन खिळे, आणि त्यांच्यामध्ये लाकडावर रायफलीच्या आकाराचा फिकट पट्टा. आयरीन बाकावर बसली नि म्हणाली, "माझ्या पोराने नेली गं. मी जन्म दिलाय त्याला, मला कळतं." मी तिच्याकडे पाहू शकले नाही. पट्ट्याखाली लावलेला फोटो पाहिला. त्यात तुम्ही आहात, साहेब. मांडीवर ताटली, तोंडात घास, डोक्यावर ती रायफल. दरवर्षी तिच्याखाली बसून जेवता तुम्ही.

तिथूनच तुम्हाला फोन केला.

"ती रॉडनीची नाही, व्हर्ना. कॅम्पची आहे. यादीत कुठाय?"

"हुकुमात लिहिलंय, त्याच्या हातात कुठलीच बंदूक नको. कुणाचीही. वाचलात का तो?"

"अगं, उद्या पंधरा नोव्हेंबर. हंगामाचा पहिला दिवस. फिरत असेल रानात. माणसाचा वर्षाचा एक दिवस नासवू नकोस."

"बिनबंदुकीचा तो रानात काय शिट्ट्या वाजवायला गेलाय?"

"डोकं शांत ठेव. उद्या संध्याकाळी बघू."

उद्या संध्याकाळी! उद्या उजाडल्यापासून प्रत्येक झाडीत गोळ्या सुटणार. शाळा बंद, दुकानं बंद, दर मिनिटाला आवाज. त्यात एक आवाज डार्लाच्या अंगणातून आला तर कोण मान वर करून बघणार आहे? त्याला हे कळतं. तुम्हालाही कळतं.

म्हणून मी डार्लाला घरातून उचललं. पायांत नुसते मोजे होते तिच्या, बूट घालायलाही थांबू दिलं नाही. आता ती तुमच्या ऑफिसच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आहे. पलीकडे आयरीन आहे, स्वतःच्या मुलाविरुद्ध जबाब द्यायला आलेली. खिडकीतली पोरगी सांगते, साहेब कामात आहेत. काचेआडून तुमची टोपी दिसते आहे, साहेब. नारिंगी, शिकारीची.

आम्ही तिघी उठणार नाही. बाहेर या आणि डार्लाच्या तोंडावर सांगा : ती रायफल या क्षणी कुणाच्या हातात आहे, आणि ती आणायला तुम्ही आत्ता निघताय की नाही?