कॅप्टनसाहेबांच्या नाकावर

मित्रांनो, मी एक जुनी ट्रायल फ्रेम आहे. नाव ऐकून गोंधळू नका. डोळे तपासताना जी गोल, जड, स्क्रूंनी भरलेली चौकट नाकावर चढवतात आणि जिच्या खाचांत एकेक भिंग सरकवून "आता कसं दिसतं?" असे विचारतात, तीच मी. हजारो नाकांवर बसले, पण आपला चष्मा म्हणून मला कुणीच घरी नेले नाही. याचे मला वाईट वाटत असे. मग एके दिवशी मी थेट वैमानिकाच्या खुर्चीत जाऊन बसले! ती हकिकत कधी एकदा सांगते, असे मला झाले आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझे पितळ घासूनपुसून चकचकीत करणाऱ्या कारागिराने मला स्वतःच्याच नाकावर बसवून पाहिले. त्याचे नाक चांगलेच भारदस्त होते, म्हणून माझी बैठक अजूनही जरा ऐसपैस आहे. तिथून मी मावशींच्या चष्म्याच्या दुकानात आले. त्यांच्याहून वयाने मोठी माणसेही त्यांना मावशीच म्हणत. भिंगांच्या लाकडी पेटीशेजारी मला जागा मिळाली.

मावशींची एक सवय होती. समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचून झाला की त्या विचारत, "दिवसभर काय बघता?" शिंपीणबाई आल्या की हातात सुई देत, न्हावी आला की कात्री. माणसाने कामाला मान जशी वाकवली असेल, तशीच वाकवून मला घालून बघायचे, हा त्यांचा हट्ट.

एका दुपारी एक तरुण मुलगी आपल्या वडिलांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. वडील विमानाचे कॅप्टन होते. वय एक्कावन्न, पाठ ताठ, कपाळावर काळा चष्मा. लेक म्हणाली, "मावशी, बाबा औषधाची बाटली वाचायला खिडकीपर्यंत लांब धरतात. त्यांचे हात आता आणखी वाढायचे नाहीत."

कॅप्टनसाहेब हसले, पण ते हसू काही ओठांच्या पुढे गेले नाही. आठ दिवसांवर त्यांची वैद्यकीय तपासणी आली होती. जवळचे नीट दिसले नाही तर परवाना अडकणार. दुसरीकडून त्यांनी चष्मा करून घेतला होता, वरून लांबचे आणि खालून जवळचे दिसणारा. घरी तो लाजेने खिशातच राही. घातला की जमिनीवर सारे ठीक, विमानात मात्र मान दुखून येई.

मावशींनी त्यांना समजावले की चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, सगळ्यांचेच होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, समोर बघतो, दुसरे काय? मावशींचे समाधान झाले नाही. खुर्चीत बसून हात कुठे कुठे जातो ते दाखवा, असे त्यांनी सांगितले. साहेबांचा हात समोर गेला, मग मांडीवर आला आणि मग एकदम डोक्याच्या वर.

"वर काय असतं?" मावशींनी विचारले.

वर बटणे असतात, पुष्कळ, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरे, असे ते म्हणाले. या चष्म्यातून ती कशी वाचता, या प्रश्नावर त्यांनी कपाळावरचा काळा चष्मा उगाच सारखा केला. लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

मावशींनी पदर खोचला. मला ती जागा बघायचीच आहे, म्हणाल्या. साहेबांनी सरावकेंद्राची परवानगी काढली आणि दुसऱ्याच दिवशी हातरुमालात गुंडाळून मी मावशींच्या पिशवीतून निघाले. केवढी धडधडत होते म्हणून सांगू!

ते विमान उडणारे नव्हते. एका मोठ्या दालनात पायांवर उभे असलेले ते सरावाचे विमान. पण आत गेल्यावर कोण म्हणेल तसे? समोर पडदे उजळलेले, काचेबाहेर धावपट्टी आणि डोक्यावर बटणांचे अख्खे छत. शिक्षक मागे बसले. साहेब आपला जुना चष्मा घालून 'उडाले'. ढग बाजूला सरले, माझा तर श्वासच अडकला.

तेवढ्यात शिक्षकांनी मुद्दाम एक बिघाड दिला. लाल दिवा लागला. वरचे एक बटण बंद करायचे होते. साहेबांचा हात झटकन वर गेला आणि शेजारच्या बटणावर पडला. समोरचे अर्धे पडदे काळे झाले.

शिक्षकांनी सराव थांबवला. साहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी वाचत नाही," ते हळूच म्हणाले. "पाठ म्हणतो. दोन वर्षं झाली."

मग त्यांनी स्वतःच कार्यालयात फोन लावला आणि नवा चष्मा होईपर्यंत आपण उड्डाण करणार नाही, असे कळवून टाकले. फोन ठेवल्यावर त्यांचे खांदे कितीतरी सैल झाले.

मावशींनी शिवणाची टेप काढली. डोळ्यापासून मांडीवरच्या कागदापर्यंत, पडद्यापर्यंत आणि वरच्या बटणांपर्यंत अंतरे मोजली. मग मला साहेबांच्या नाकावर चढवले. माझ्यात लांबचे भिंग बसवून जवळच्या नंबरची छोटी भिंगे त्या हाताने धरून बघू लागल्या. जास्त नंबराने कागद ठसठशीत दिसे, पण पडदे पुसट होत. म्हणून थोडा कमी नंबर लावला आणि दोन्ही जमले. मग तेच भिंग त्यांनी माझ्या वरच्या काठाशी धरले.

साहेबांनी मान न ताणता नुसते डोळे वर केले. एकेक बटण ते मोठ्याने वाचू लागले. शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. मागून शिक्षक टाळ्या वाजवत होते आणि मी त्या नाकावर डुलत होते!

तसाच चष्मा झाला. मध्ये लांबचे, खाली जवळचे आणि वरच्या काठालाही जवळची पट्टी. कानावरच्या काड्या बारीक, कारण त्यांच्यावर हेडफोन बसतो. कपाळावरचा काळा चष्मा मावशींनी बाद केला, कारण त्याच्या चकाकी अडवणाऱ्या काचांतून बघताना मान कलली की पडदेच काळे पडत. नियमाप्रमाणे उड्डाणात जवळ ठेवायची दुसरी जोडीही बनली. साहेब तपासणीत पास झाले आणि पुन्हा उडू लागले. पुढे ते नव्या वैमानिकांना स्वतःची चूक न लपवता सांगत. मग काय, दुकानात वैमानिकांची रीघच लागली.

नंतर तपासणीचे मोठे यंत्र आले आणि मी खणात पडले. स्क्रू गंजले. सहा महिने कुणी विचारले नाही. पण त्या यंत्राला डोके चिकटवले की मान वर करता येत नाही! मावशींच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी मला शोधून काढले.

मित्रांनो, मला तेलाचा एक थेंब पुरतो, डोळ्यांना तसले तेल नाही. अक्षर पुसट दिसले तर अंदाजाने वाचू नका, "दिसत नाही" असे सरळ सांगा. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसू नका. आणि घरातले कुणी बाटली लांब धरून वाचत असेल, तर त्यांना हाताला धरून घेऊन या.

आता मावशी माझे स्क्रू पुसत आहेत. बाहेर एक कॅप्टनबाई येऊन बसल्या आहेत. त्या मालवाहू विमान चालवतात आणि म्हणे त्यांच्याकडे काही बटणे खांद्याच्या मागेसुद्धा आहेत. टेप निघाली, पिशवी उघडली. मला निघायला हवे!