यमुनाबाईंचं खरं वय

अनंतराव जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं कारकून होते, त्यामुळे दोन रकाने पाडल्याशिवाय त्यांचा कुठलाच निर्णय व्हायचा नाही. बायकोच्या हृदयाची झडप खराब झालीय, आज ना उद्या ऑपरेशन करावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही त्यांनी सिडकोतल्या घरी वही उघडली. एका रकान्यात सरकारी कार्ड: सत्तरीपुढच्या कुणालाही मिळतं, हप्ता नाही, जुनं दुखणं चालतं. दुसऱ्यात खाजगी पॉलिसी: दरसाल हप्ता, आणि जुन्या दुखण्याला दोन वर्षं थांबायचं.

"मग सरकारीच बरं की, बाबा," लेक उमा म्हणाली.

"तुझी आई सदुसष्टची आहे. आधार बघ. सत्तरीला तीन वर्षं लागतील, त्यापेक्षा पॉलिसीची दोन बरी."

हिशेब चोख होता, पण त्याचा पायाच खोटा होता. यमुनाबाई चौऱ्याहत्तरच्या होत्या, नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. पिशोरच्या शाळेत त्या दोन इयत्ता पुढं होत्या. दोघांनी हट्टानं लग्न केलं, तेव्हा अनंतरावांच्या आईनं एकच अट घातली: नवरी थोरली आहे हे चारचौघांत कळता कामा नये. मग रेशनकार्डावर त्या नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान झाल्या आणि पुढं आधारच्या शिबिरातही अनंतरावांनी तेच ठोकून दिलं. आई जाऊन जमाना झाला, तरी ती लाज या शहाण्या माणसानं जिवापाड जपली. घरात दोघंच असले की यमुनाबाई चिडवायच्या, "धाकट्यांनी मोठ्यांचं ऐकावं हो."

उमा गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, खरं सांगून टाकू या का? शाळेत दाखला असेल माझा."

"या वयात लोकांना हसायला निमित्त कशाला? दोन वर्षं हां हां म्हणता जातील."

यमुनाबाईंनी पॉलिसीच्या अर्जावर सही केली. त्या दिवशी तरी धाकट्यानं मोठीचं ऐकायला हवं होतं.

पॉलिसीच्या आठव्या महिन्यात जिना चढताना त्यांना धाप लागली, ती बसेचना. आठवड्याच्या आत झडप बदला, असं डॉक्टर म्हणाले. विमा कंपनीच्या माणसानं कागद वाचून हात जोडले, "काका, दोन वर्षं व्हायची आहेत अजून." उमा दागिने मोडायला निघाली, तेव्हा कुठं अनंतरावांच्या तोंडून फुटलं, "थांब. तुझी आई माझ्यापेक्षा मोठी आहे."

उमानं दागिन्यांचा डबा खाली ठेवला. "म्हणजे आठ महिन्यांपूर्वीच ऑपरेशन झालं असतं, बाबा?"



दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अनंतराव पिशोरला गेले. शाळेतल्या सांडू नावाच्या कारकुनानं जुनं रजिस्टर झटकून नाव शोधलं आणि दाखला लिहिता लिहिता विचारलं, "काकू तुमच्याहून थोरल्या व्हय?"

अनंतरावांचे कान गरम झाले. "व्हय. दोन वर्षांनी."

"मंग काय झालं? माझी आजी बी आज्याहून मोठी होती. लई सुखानं राहिले दोघं," असं म्हणत सांडूनं शिक्का मारला.

परतीच्या एसटीत अनंतराव लोकांसमोर ढसाढसा रडले.

आधार केंद्रानं दाखला जमा करून घेतला, पण पडताळणीला दिवस लागणार होते. उमा काही थांबली नाही. तिनं दागिने मोडले, ऑपरेशनचा शुक्रवार ठरवला. यमुनाबाई गुरुवारी सकाळीच गेल्या.

मृत्यूच्या कागदासाठी दवाखान्याच्या खिडकीशी अनंतराव उभे राहिले. मागं व्याही, शेजारी, जुने सोबती, सगळे जमले होते.

"वय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," अनंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती ती."

कुणी हसलं नाही.

"काका, आधारवर सदुसष्ट आहे. आम्हाला तेच लिहावं लागतं."

अनंतरावांनी शाळेचा दाखला खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो वाचला, हळूच परत केला आणि सदुसष्ट लिहिलं.

"मोठी होती हो," अनंतराव पुन्हा म्हणाले. उमानं त्यांचा हात धरला आणि मागच्या माणसाला पुढं यायला जागा करून दिली.